हाकारा

सिल्व्हर नदीवर सकाळी साडेआठला धूर असतो.
धूर नव्हे, वाफच पाण्याची,
आणि अप्पांनी घातलंय माझ्या नवऱ्याचं जाकीट,
त्याच्यावर केशरी लाईफजॅकेट,
त्याच्यावर मफलर.
अख्ख्या फ्लोरिडात आज मफलर एकच.

नावाडी वेस्ली. त्याचे नियम तीन:
खायला द्यायचं नाही,
हात लावायचा नाही,
डोळ्याला डोळा द्यायचा नाही.
मी मराठीत सांगितले.
अप्पा म्हणाले, "पहिले दोन ठीक.
तिसरा त्यांना सांगितलाय का?"

पाणी इतकं नितळ की तळाशी बुडालेलं झाड
फांद्यांसकट मोजता येतं.
ओंडक्यावर कासवं, एकावर एक.
काठावर एक मगर, कुणी विसरून गेल्यासारखी.
अप्पांनी मगरीकडे बघितलंच नाही.
ते वर बघत होते,
बागेत बघतात तसे, मान किंचित वाकडी.

वेस्ली सांगत होता:
म्हणे फार वर्षांपूर्वी कुणी एकानं
सहलीला येणाऱ्यांची करमणूक म्हणून
बेटावर माकडं आणून सोडली.
त्याला वाटलं, पाणी म्हणजे कुंपण.
रातोरात पोहून गेली सगळी.

"कुंपण!" अप्पा एवढ्या मोठ्यानं हसले
की बगळा उडाला.
चाळीस वर्षं त्यांनी काय काय नाही केलं.
काटेरी तारा. फटाके.
कलमाला टांगलेला रेडिओ, शेतीविषयक कार्यक्रमासकट.
बुजगावण्याला माझा चौथीचा गणवेश,
ज्याची बटणं वानरांनी
एकेक करून, घाई न करता, तोडली.

मग वळणावर ती दिसली.
सायप्रसच्या उघड्या मुळांवर सतरा-अठरा,
लालसर तोंडं, ओल्या पाठी.
एकीच्या पोटाला पिल्लू, पिल्लाच्या तोंडात
कसलंसं हिरवं देठ.
एक म्हातारा नर, कान अर्धा,
आमच्याकडे असा बघत होता
जसा तलाठी बघतो उशिरा आलेल्या माणसाकडे.

दोन हातांवर होती नाव.
अप्पांचा उजवा हात खाली गेला,
नावेच्या तळाशी दगड शोधायला.
तिथे दगड नव्हता, माझी चप्पल होती.
म्हणून त्यांनी हाकारा दिला.
"हाऽऽल्या! हुर्रऽऽ हाऽऽल्या!"

आणि माझा तळवा, मी न सांगता,
नावेच्या पत्र्यावर पडला,
धाड धाड, धाड,
आई डबा वाजवायची त्याच ठेक्यात.
तीन मोहोर झाले, तो डबा माळ्यावर आहे.
कुणी काढला नाही. काढायचा नाही, असंही कुणी म्हटलं नाही.

सतरा मानी वर झाल्या.
पिल्लाच्या तोंडातलं देठ पडलं.
म्हातारा मात्र हलला नाही,
त्यानं उरलेला अर्धा कान फक्त इकडे वळवला.

वेस्लीनं विचारलं, हे काय म्हणाले?
मी म्हटलं, सुप्रभात.
त्या भल्या माणसानं टोपी काढली
आणि माकडांना ओरडून म्हणाला,
"हॅलिया!"
अप्पा हसता हसता मफलरनं डोळे पुसू लागले,
आणि बराच वेळ पुसतच राहिले.

परतताना काही बोलले नाहीत.
गाडीत एकदाच: "पोहतात कशी, पाहिलंस?
कुत्र्यासारखी. डोकं वर धरून."

रात्री साडेआठ, म्हणजे तिकडची सकाळ.
त्यांनी गुणाजीला फोन लावला.
आलीत का?
आलीत, दादा. वीसेक असतील. वरच्या कलमावर.
मोहोर?
खातायत.

अप्पांनी भिंतीवरच्या थर्मोस्टॅटकडे बघितलं,
जणू त्यावर काही लिहिलंय.
मग म्हणाले,
"माळ्यावर डबा आहे. वहिनीचा.
काढ. वाजव."

फोन टेबलावर, स्पीकर चालू.
शिडी सरकवल्याचा आवाज.
कुणीतरी शिंकलं, धूळ असणार.
मग बराच वेळ काहीच नाही,
आणि आम्ही दोघं
वाकून, कान लावून.