डोळ्यांचं काम

ब्रागातल्या आमच्या दुकानात
बाबा लाकूड कोरायचे, डोळे माझ्याकडे.
बुबुळं वर लाव, देओलिंदा, म्हणायचे,
गिऱ्हाइकाकडे सरळ बघणारा संत
विकला जात नाही.
एकेचाळीस वर्षं मी बुबुळं वर सरकवत आले.

संत लुझियाच्या तर हातात तबकच,
त्यात तिचेच काढलेले दोन डोळे.
म्हणजे एका मूर्तीला चार.
मजुरी दोनचीच.

आई आंधळी होत गेली त्या हिवाळ्यात
लुझियापुढे मी रोज मेणबत्ती लावली.
ती छताकडे बघत राहिली.
तिचा काय दोष,
तिला तसंच बघायला शिकवलं होतं. मी.

परवा बार्सेलुशच्या चर्चची लुझिया आली रंगायला.
तबक तयार, कुंचला ओला,
आणि मी उठून हात धुतले.
विसार परत केला.
पाद्री म्हणाले, तब्येत बरी नाही का?
बरी आहे म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही.

रात्री दुकानातच, पारा उडालेल्या आरशात
एक बाई सरळ माझ्याकडे बघत होती.
विकली गेली नसती.
डोळ्यांचा रंग कसला हा?
तपकिरी म्हणावा तर
कडेला शेवाळ्यासारखं काहीतरी.
फळीवर चौतीस बाटल्या,
त्यांत हा नाही.

बशीत गेरू घेतला, थेंबभर हिरवा.
चुकला. पुसला.
पुन्हा कालवला.
बाहेर घंटा वाजत होती, किती ते मोजलं नाही.
थोडा काळा घालून बघते.