उसनवारी

संध्याकाळी सहानंतर टायरच्या दुकानातला
हवेचा पंप धापा टाकायचा थांबतो
आणि मिस्टर ओझेल खुर्ची ओढतात.
त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही,
म्हणून मी उजवीकडे.
मांडीवर तारणाच्या दुकानातून सोडवून आणलेली गिटार,
जिच्या पाठीवर कुणीतरी खिळ्यानं कोरलंय : क्लॉडेट.
मी व्हर्लीन. पण गिटारीला अजून ते पटलेलं नाही.

दिवसा मी शाळेची बस चालवते, नऊ नंबरची,
हेलेनाच्या बाहेर, नदीच्या बांधाला धरून,
सोयाबीन, सोयाबीन, एक चर्च, सोयाबीन.
त्रेचाळिसाव्या वर्षी बोटांना घट्टे पाडून घेते
म्हणून बहीण बोलणी देते.

पहिल्या हिवाळ्यात त्यांनी मला पाच लिक दिले.
पाचच.
"हा रूफसचा. तो पोलादाच्या कारखान्यात गेला, गॅरीला.
हा इथंच विसरला.
हा एका बाईचा. मेम्फिसच्या बस-स्टँडवर भेटली,
नाव विचारायचं राहिलं.
हा मी चोरला. कुणाचा ते सांगणार नाही,
त्याची मुलगी रविवारी माझ्या मागच्या बाकावर बसते."
उरलेल्या दोघांबद्दल ते बोलले नाहीत.
नुसते वाजवले, आणि पाना उचलून आत गेले.

मी घोकले. लाल सिग्नलला, स्टिअरिंगवर,
पाढे घोकावेत तसे.
मार्चपर्यंत झोपेतून उठवून विचारावं इतके पक्के.
मग त्यांनी बारा घरांचा फेरा धरला :
चार घरं 'ए'ची, दोन 'डी'ची, परत माघारी,
पुढे 'ई'चा उंबरा,
आणि मी पाचही लिक एका दमात ओतले.

त्यांनी तारांवर तळवा ठेवला.
"घर बारा खोल्यांचं आहे, बाई.
पाचही पाहुणे मोरीत कशाला कोंबतेस?"

मग म्हणाले, मधूनच सुरू कर.
शेवटचा सूर गिळ.
आणि मी बोलत असेन तेव्हा मध्ये बोलू नकोस.
तिसरी तार, पाचवी पट्टी :
अर्धा सूरही नाही, किंचित ढकल,
हात भरलेले असताना
फ्रिजचं दार कोपरानं लोटतेस तेवढी.
तिथं जो सूर राहतो
त्याला पियानोत घर नाही.

मला तो महिनाभर सापडला नाही.
कधी नुसताच रडका, कधी उगाच आनंदी.

टेव्हियन दुसरीत आहे. रोज सकाळी
शाळेच्या फाटकाशी तो एकच वाक्य म्हणतो :
मी उतरणार नाही.
सोमवारी ते भांडण असतं.
बुधवारी नुसतं जांभई.
एका शुक्रवारी त्यानं ते इतकं हळू म्हटलं
की मी इंजिन बंद केलं
आणि मागची सगळी पोरं गप्प झाली.
शब्द तेच. पाचवा नाही, सहावा नाही.

शनिवारी मिस अर्झुलाच्या परसात मासे तळत होते.
ड्रमवर तिचा जावई, बेस वाजवणारा कुणी ट्रकवाला,
ओझेल मला मानेनं म्हणाले, घे.
आणि माझा हात रिकामा.
एक घर गेलं. दुसरं.
तेलाचा चरचराट ऐकू येत होता.
तिसऱ्या घरात रूफसचा अर्धा लिक आला,
मधूनच, उशिरा,
त्या किंचित ढकललेल्या सुरावर टेकला,
आणि शेवट मी गिळला.

कढईजवळून कुणी बाई ओरडली,
"मग?"

मी तेच पुन्हा म्हटलं. आणखी उशिरा.

शेजारणीकडून मक्याचं पीठ उसनं आणलं
तर परत करताना वाटी शिगोशीग भरावी,
असं आई सांगायची.
मी एक सूर कमी परत केला.
ओझेलनी तो मोजला असणार.
काही बोलले नाहीत,
फक्त खुर्ची फिरवली,
चांगला कान माझ्याकडे.

सोमवारी फाटकाशी टेव्हियन म्हणाला,
मी उतरणार नाही.
मी दार उघडं ठेवलं, चार ठोके थांबले.
"मग?"