रुजू

एतेरी आली तेव्हा कोठीच्या दफ्तरात
पंखा बंद होता आणि वेखंडाचा वास चालू.
तिबिलिसीहून बडोद्याला चित्रकला शिकायला आलेली, सहा महिन्यांसाठी.
आदल्या दिवशी मी तिला एका जुन्या फाटकावरची
ओतीव अक्षरं दाखवली होती,
एकमेकांत अडकलेली, वर मुकुट.
ती म्हणाली, हे लोहाराचं. मला हात बघायचाय.

मग तिनंच वहीत काढून दाखवली
तिकडच्या कुठल्याशा राजाची सही:
अक्षराच्या खांद्यावर अक्षर,
शेवटच्याची शेपटी पहिल्याच्या पोटातून,
मांडवावर तोंडली चढावी तशी.
खेलर्त्वा, म्हणाली. हात, आणि सूत कातणं, असं काहीतरी.
नक्की तिलाही सांगता येईना.

मी रुमाल सोडला. पत्र उलगडलं.
आमचे राजे, म्हटलं, बहुधा लिहीतच नसत.
माथ्यावर शिक्का, तळाला मोर्तब,
खाली कोणी काही घुसडू नये म्हणून.
मधलं सगळं कारकुनाचं, बोरू न उचलता,
श्वास घ्यायचा तो शाईत बुडवताना.
मोर्तब सूद.
सूत? तिचे डोळे चमकले.
सूद. म्हणजे झालं. संपलं.
ती सूतच लिहून घेत होती. मी लिहू दिलं.

मग समासातलं ते बारकं वाकडं दिसलं तिला,
शाईत पाय बुडवून माशी चालल्यासारखं.
रुजू, म्हटलं. ताडून पाहिलं, बरोबर आहे.
कोणाची सही?
कोणाचीच नाही. ज्यानं पाहिलं त्याची.

बाबा धोब्याच्या वहीतही रुजू करायचे.
दोन धोतरं, एक परकर, उशीचे अभ्रे चार. रुजू.
माझ्या प्रगतिपुस्तकावर पालकांच्या जागी एकदा
तेच काढलं, हेडबाईंनी परत पाठवलं.
गेल्या महिन्यात बँकेनं माझा चेक परत केला:
सही जुळत नाही.
तीस वर्षं मी दुसऱ्यांची अक्षरं जुळवतेय.

पाच वाजत आले. अजून एक, एतेरी म्हणाली, तो वरचा.
शिडी लावली. धूळ फुंकली.
गाठ दिसली.
टोक दोनदा आत, मग डावीकडून वर, एक कान थोडा लांब.
दफ्तरात ज्याची त्याची गाठ असायची,
लांबून कळायचं रुमाल कोणी बांधलाय.
हा त्यांनी बांधला,
आणि नंतर कोणी मागितला नाही.

खालून तिनं विचारलं, मिळाला?
नाही, म्हटलं. वाळवी लागलीय याला.
उद्या या.