पसरायचं नाही

शुक्रवारी दिवेलागणीच्या आत
बाबा टाचांच्या भेगांत मलम दाबून भरायचे.
लोकोशेडमधून आलेले हात, नखांत ग्रीस,
भुसावळचा वैशाख.
"तुझंही आत्ताच लावून घे, सेगुल,
उद्या डबी उघडायची नाही."

उद्या म्हणजे शब्बाथ.
मलम पसरायचं म्हणजे कातडं घोटून गुळगुळीत करायचं,
तेही कामच.
आणि औषध म्हटलं की खल आला,
खल आला की कुटणं आलं.
तेलाचं तसं नाही.
तेलाला कुणी पसरत नाही,
ते आपलं आपण जातं.

भारंबेकाकू तारेच्या कुंपणावरून विचारायच्या,
"मलम हाये नं घरात, मंग लावत काहून नाही वं?"
मी सांगायचे, आम्ही कोकणातले शनवार तेली,
आमच्या पणज्याचा घाणाही शनिवारी उभा असायचा.
"बैलाले बरं," त्या म्हणायच्या.

एका शनिवारी धाकट्या एलियाझरनं
तापात डोळे फिरवले.
बाबांनी पुस्तक उघडलं नाही, कुणाला विचारलं नाही.
टांगा थांबवला, खिशातून पैसे काढले,
रेल्वेच्या दवाखान्यात कागदावर सही केली,
हनोख शालोम वाक्रुळकर, फिटर,
तीन तारे निघायच्या कितीतरी आधी.
पोरानं पाणी मागितलं तेव्हा
परत मात्र चालत आले.
भर दुपारी, त्या टाचांनी.
आता जिवाला धोका नव्हता ना.

हल्ली ते पलंगावरच.
"अंथरूण धरलं, आता गोळी चालते,"
कायद्यात सापडलेली ही सवलत
फर्स्ट क्लासच्या पासासारखी दाखवतात
येईल त्या माणसाला.
मलम अजून नाही.

पाठीवरची जखम बशीएवढी झालीय.
कापूस पिळायचा नाही, बोट फिरवायचं नाही.
मी काठाशी, धड कातडीवर,
तिळाच्या तेलाचा थेंब सोडते
आणि हात मागे घेते.
कालपासून चालू ठेवलेला कूलर घरघरतोय.
बाहेर केळीचा ट्रक मागे घेतायत, येऊ दे, येऊ दे.
थेंब जागचा हलत नाही.
मग बाबा श्वास सोडतात, पाठ जराशी कलते,
त्याला उतार सापडतो.

"पोचलं का गं?"
"आउटरला आहे, बाबा.
सिग्नल मिळालाय."