आडपडदा

बेचाळीस मोरपंखी. दोन ओळींत, एकाआड एक,
लावतेवेळी किमान सहा फूट.
कलम अकरा, पोटकलम तीन.
कलम म्हटलं की मला अजून
सुतळीने आवळलेली ओली फांदीच दिसते.

टॉवर दीडशे फूट.
सभेत कुणीतरी ही वजाबाकी मोठ्याने केली,
हशा पिकला, आणि मग कुणीच हसेना.

त्याआधी फुगा सोडला होता, लाल, दोरीला बांधून,
टॉवर जाईल तेवढ्या उंचीवर,
आणि कंपनीचा माणूस गावभर फोटो काढत हिंडला:
चर्चच्या पायरीवरून दिसतो. शाळेतून नाही.
डोरीन व्हिटकम म्हणाली, माझ्या सिंकपाशी उभे राहून बघा.
कुणी गेलं नाही.
वारा आला, फुगा कलला, टेकडीमागे गेला
आणि अहवालात उमटला: ‘अंशतः दृश्य’.

आज दोन वर्षांची हमी संपते.
पेनसिल्व्हेनियातल्या एल्डर रन गावाचा तपासनीस मी,
वही घेऊन झाडं मोजतोय.
हरणांनी तोंड पोचेल तिथवर ओरबाडलंय:
खाली काड्या, वर हिरवा झुबका,
ओळीने साऱ्या जणींनी नेसूचं वर खोचलंय जणू,
आणि मधून जनरेटर, केबली, धोक्याची पाटी,
सगळं उघडं.

कुंपणापलीकडे डोरीन, हातात झारी.
मी म्हटलं, तुम्ही तर विरोधात होतात.
टॉवरच्या, ती म्हणाली. झाडांनी माझं काय केलंय?

शाळेत आम्ही याचं पान पुस्तकात ठेवायचो,
विद्या येते म्हणून. सहज सांगितलं तिला.
आली का? तिने विचारलं.

मेलेली: नऊ. नियम साफ आहे.
मेलेलं उपटा, तेवढ्याच उंचीचं नवं लावा, महिन्याच्या आत.
तेराव्यापाशी ती आडवी आली.
तपकिरी काटक्यांच्या पोटात मुठीएवढं घरटं,
कुठल्याशा केबलचा निळा धागा त्यात गुंतवलेला,
चार चोची, आवाज नाही, नुसता आ.
आडोसा खरा यांनाच हवा होता,
आणि वाळलेलाही त्यांना चालला होता.

आमच्या डोक्यावरून त्या घटकेला
किती जण एकमेकांशी आडपडदा न ठेवता बोलत असतील,
किती जण ठेवून.
आम्ही दोघं गप्प.

मी खोडलं, पुन्हा लिहिलं. मेलेली: आठ.
झाड क्रमांक तेरा, शेरा:
पाणी घालणं चालू आहे.