सारखी पानं

बर्फ कारखान्याच्या माडीवर, जिथली भिंत बारा महिने घामेजलेली,
आठ जीबीचा एक जुना सर्व्हर आहे.
हर्णै बंदरातल्या सहा सोसायट्यांची सहा यंत्रं त्यात चालतात;
प्रत्येकीला वाटतं, डबा आपल्या एकटीचा.

जूनमध्ये तो धापा टाकू लागला.
मेमरी वाढवा म्हटलं तर सेक्रेटरी चोगले म्हणाले,
"बंदीत पैशाचं नाव? आधी दर्या उघडू दे."
बोटी वर ओढलेल्या, झापांखाली.
मग मीच गाभ्यातल्या एका पोऱ्याला जागं केलं.

पोऱ्या म्हणजे प्रोग्रॅम.
शंभर पानं बघतो, वीस मिलिसेकंद डुलकी घेतो,
पुन्हा शंभर.
एक पान म्हणजे चार हजार शहाण्णव बाइट.
जे अजून फडफडतंय त्याला तो हात लावत नाही
(टोपलीत मासळी उड्या मारतेय तोवर वाटे कोण घालतं?),
निपचित पडलेलीच घेतो,
दोन पानं शेजारी ठेवून पहिल्या घरापासून शेवटच्यापर्यंत ताडतो,
तंतोतंत निघाली तर एकच ठेवतो,
दोघींना त्याच पानाचा पत्ता.
कुणाला कळत नाही.
नुसतं वाचलं तर काही बिघडत नाही.
कुणी लिहायला गेलीच, तर आधी तिची वेगळी प्रत काढायची,
मग लिहू द्यायचं. एवढाच नियम.

सकाळी आकडे बघितले.
सहा ठिकाणी भरलेला एकच मराठी टंक,
सहा वेळा तोच ळ.
डिझेल परताव्याचा तोच कोरा अर्ज.
आणि सगळ्यांत जास्त सारखं काय निघालं?
शून्यं. पानंच्या पानं शून्यं.
पावश्यांची सोसायटी असो की हुनेरकरांची,
रिकामपण एकाच मापाचं,
सगळ्यांचं मिळून एका पानात मावलं.
मी एकटीच हसले. तीन जीबी सुटले होते.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात इक्बाल हुनेरकर जिना चढून आला,
त्यांच्या सोसायटीचा हिशेबनीस, हातात दोन चहा.
"मॅडम, तुमचं यंत्र दचकतं."
म्हणजे?
"एरवी पानावर लिहिलं की झटकन होतं. काही पानांवर मात्र
जरा अडखळतं. आधी कुणाला विचारून आल्यागत."

जेटीवरचा पंप कुणी चालवायचा, त्याची निविदा होती,
नमुना सगळ्यांना एकच, फरक फक्त आकड्याचा.
त्याने चाळीस पानं भरली, चाळीस दर,
रात्रभर निपचित ठेवली,
पहाटे प्रत्येकावर एक टिंब टाकून वेळ मोजली.
एकोणचाळीस सुळकन गेली.
एक दचकलं.
"पावश्यांनी किती लिहिलाय, ते कळलं मला.
त्यांचा कागद न बघता."
मग बराच वेळ बशीकडे बघत राहिला.
"मी अजून भरलेला नाही."

चहा गोड होता, मी तो संपवला.
पोऱ्याला थांबवलं, जोडलेली पानं सोडवली,
तिसऱ्या मिनिटाला चोगल्यांचा फोन: यंत्र मेलं काय?
मेलं नव्हतं. फुगलं होतं.

आता जी जागा स्वतःहून म्हणते, माझं बघ,
तिथेच तो बघतो: टंक, कोरे अर्ज.
हिशेब, निविदा, कुणी कुणाकडे किती उचल मागितली,
ते ज्याचं त्याच्याकडे.
सारखं असलं तरी असू दे. खाऊ दे दुप्पट जागा.
इक्बालने शेवटी काय आकडा भरला, मी विचारलं नाही.

एक ऑगस्टला अंधारातच बोटी सुटल्या.
दुपारी पहिल्या अर्जावर कुणीतरी तांडेलाचं नाव लिहिलं,
तो अर्ज आपल्या प्रतीवर फुटला, मग दुसरा,
संध्याकाळपर्यंत डबा पुन्हा गळ्यापर्यंत.
चोगल्यांनी चिपळूणहून वापरलेली आठ जीबी मागवली,
निम्म्या पैशांत, पावती न घेता.

ळ अजून एकच आहे.
सहाही सोसायट्या त्याच्यावरच
मासळी लिहितात, जाळं लिहितात,
परवा बाणकोटच्या बाजूने वाऱ्याची बातमी आली तेव्हा
वादळ.