हात बघू

खानापुरात, मलप्रभेच्या पुलाअलीकडे,
कौलांच्या बंद कारखान्याची एक शेड.
रविवारी तीन ते सहा.
मी दारातच, चप्पल काढू की नको करत,
ओठांवर पाठ केलेली ओळख :
नाव, हुद्दा, का यावंसं वाटलं.
निंगव्वानं काहीच विचारलं नाही.
म्हणाली, हात बघू.

ज्योतिषी बघतो तसे नव्हे,
पेरू पिकलाय का बघावं तसा अंगठा दाबून.
गार हात. चांगलं झालं, माती लवकर वाळायची नाही.
आजवर या हातांबद्दल एवढंच ऐकलं होतं
की हिच्या अंगात रक्त कमी.

मष्णूचे हात तापलेले.
पहाटे गोव्यात भाजी उतरवून टेंपोसकट इथं येतो,
चोर्ल्याची सगळी वळणं तोंडानं परत घेतो,
"काय सांगू तुमास्नी, मधी गवा हुबा!"
त्याच्या बोटांखाली कड तडकते.
तू मळ की रे, निंगव्वा म्हणाली,
आणि तो मळतो, सगळ्यांची,
गव्यासकट.

इनास सर गणिताचे, कंपास घेऊन आले.
त्यांना तिनं चाकावर बसवलंच नाही.
पट्ट्या कापा, चौकोनी कुंडी करा.
सरांना आयुष्यात पहिल्यांदा
कुणी गोल व्हायला सांगितलं नव्हतं.

सुरैया पहिल्या दिवशी मान वर न करता
आमच्याकडे पाठ करून बसली.
दुसऱ्या रविवारी येऊन बघतो तर
तिचं चाक भिंतीकडे तोंड करून मांडलेलं.
कुणी मांडलं, यावर कुणीच बोललं नाही.
मष्णूसुद्धा.

निधान, म्हणायची निंगव्वा, निधान.
तिच्या कन्नडात सावकाश.
माझ्या मराठीत पुरलेला ठेवा.
मी दोन्ही ऐकायचे,
पाय चाकावर, पाणी कोपरापर्यंत.

मग आवा लागला.
रात्री आत एकदाच, फट्.
सकाळी राख सारली तर माझं मडकं.
सगळ्यांची माती मष्णूनं मळलेली,
माझी मीच,
मागायला नको म्हणून.
तीही भीत भीत, आपटली तर आवाज होईल.
हवा राहिली आत.

मी चपला शोधू लागले.
निंगव्वा मात्र खापरं पाट्यावर कुटत बसली होती,
सांडग्याची डाळ वाटावी इतक्या सवयीनं.
चाळली, फुंकली,
मष्णूच्या ढिगावर मूठमूठ पेरली.
"खापर खाल्लेली माती धीराची."
एवढंच. मग चहा.
कपाच्या कानाला तिची ओली बोटं लागलेली.

या रविवारी सगळे त्याच ढिगातलं घेऊन बसलो.
मीही मष्णूकडून मागून घेतली,
दोनदा मागावी लागली, पहिल्यांदा त्याला ऐकूच आलं नाही.
बाहेर हुबळीकडची गाडी गेली, पत्रा थरथरला.
सरांनी सुरी थांबवली, चश्म्यावर चिखल.
"अरे, हे काय खरखरतंय?"
भिंतीकडून सुरैयाचा आवाज,
मी पहिल्यांदाच ऐकलेला :
"माझ्यातपण आहे."

माझं आहे ते, मी म्हटलं.
जरा मोठ्यानंच.